आकसपट्टी

उद्यमनगरात तेव्हा आठ-दहाच धुराडी.
आमच्या शेडमागं शाळूचं रान,
ओतायच्या दिवशी त्यातली पाखरं उठत,
तोच आमचा भोंगा.

मुंबईच्या डॉकावरनं निळा नकाशा आला,
नळकांड्यात गुंडाळलेला, कडांना तेलाची बोटं.
मालकांनी तो माझ्या रंध्यापुढं पसरला:
जहाजाच्या बॉयलरची जाळी आहे.
साखळीसारखी फिरते, कोळसा आपला आपण आत जातो.
दोनशे सोळा कड्या. बीडाच्या.

आमच्यातल्या कुणी दर्या बघितला नव्हता.
मी सागवान काढलं.
फर्मेवाल्याची पट्टी खोटी असते, मुद्दाम:
तिचा फूट खऱ्या फुटाहून नखभर लांब.
बीड निवताना आकसतं,
म्हणून आधीच जास्तीचं द्यायचं.
या पट्टीनं कापड मोजलं
तर गिऱ्हाईक दुवा देईल, दुकान बुडेल.

कुपोल्यावर कोक टाकायला इलाही शिकलगार.
त्याआधी वडणग्याच्या गुऱ्हाळावर जळव्या.
हातांवरचे डाग आम्ही गुळाचे समजत होतो.
नकाशा बघून त्यानं हात पुसले,
मग पुन्हा पुसले.
"हे तर माझंच काम करणार की गा."

अकरा वर्षं बोटीवर आगवाला होता,
हे आम्हाला त्या दिवशी कळलं,
भाकरीवरचा खर्डा वाळून गेला तरी तो बोलत होता.
खाली तीन भट्ट्या.
घंटा वाजली की दार उघडायचं.
पण नुसत्या घंटेवर नाही.
"बोटीचं नाक वर असताना उघडलं
तर इस्तू मांडीवर येतोय.
घंटा सायबाची, डुलणं दर्याचं,
आपण दोघांच्या मधी."

तांबड्या समुद्रात एकदा सैदू नावाचा पोरगा
फावडं भिंतीला टेकवून वर गेला,
वारा खाऊन येतो म्हणाला.
टोपी तेवढी कठड्यापाशी सापडली.
फावडं इलाहीनं उचललं,
घंटा झालेली होती.

"तुझ्या या साखळीला
नाक खाली गेलेलं कळतंय काय?"
मी नकाशावर बोट फिरवत राहिलो.
तसली खूण कुठं नव्हती.
"न्हाई," म्हटलं.
"बरं हाय. तिला मांडीबी न्हाई."

पहिल्या कड्या वाळूतून निघाल्या,
त्यानं दोन जोडून मधे करंगळीचं नख घातलं.
फट बारीक हाय. भुकटी अडकंल, खंगर धरंल.
मालक म्हणाले, नकाशा विलायतेचा आहे.
"खंगरबी तिकडचाच असतोय, मालक."
सगळे हसले. मालकही.
फट नकाशातल्याएवढीच राहिली.

गवतात गुंडाळून, पेट्या ठोकून
कड्या मिरजेच्या गाडीनं गेल्या.
बोटीचं नाव काय, फट नडली का,
कुणाची पाळी वाचली, कुणाची भाकरी गेली,
काही कळलं नाही.
पैसे आले, तेही दोन हप्त्यांत.

दोनशे सतरावी कडी पोटात हवा राहून फसली होती.
ती इलाहीनं मागून घेतली,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधली.
मोडीत घालणार, असंच मला वाटलं.

परवा गुळाच्या रव्यासाठी वडणग्याला गेलो.
इलाही जाऊन आता बारा वर्षं झाली.
चुलवाणावर त्याचा पुतण्या, दस्तगीर,
हातानंच चिपाड ढकलत होता,
काहिलीत रस चढला की एक पाऊल मागं सरत होता,
जमीन हलत असावी तसा.
कुणी शिकवलं, विचारलं.
"चाचा असंच करायचा."

चुलवाणाच्या तोंडाशी ती कडी बसवलेली,
लालभडक.
माझ्या खिशात पट्टी होती, सवयीची.
जवळ नेता येईना, लांबूनच डोळा लावला.
आणि माप बरोबर भरलं,
फर्म्याएवढं,
निवताना गेलेलं सगळं परत आलेलं.

"आजोबा, मागं सरा," पोरगा म्हणाला.
मी सरलो.